उताराची दुसरी पेटी

या, असे थोडे पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्याजोगी नाही. राजाची नाही, साधुपुरुषाची नाही. एका गॅरेजवाल्याची आहे. सहा वर्षे त्या माणसाला एका जागी धड बसता आले नव्हते. आणि गोष्टीत लढाई म्हणाल तर एवढीच, की त्याच्यासमोर एक लोखंडी पेटी आहे, तिला सोळा बोल्ट आहेत, आणि पहिल्या बोल्टाला पाना लावून तो आज चौथ्यांदा उठला आहे.

उठला तो नळावर गेला. तहान नव्हती, तरी पाणी प्याला. स्वच्छ होते तेच हात पुन्हा धुतले. परत येताना भिंतीवरचे पाने मापाप्रमाणे लावून ठेवले. ते कालच लावले होते. मग दाराशी जाऊन रस्ता पाहिला. रस्त्यावर त्याचे काही अडले नव्हते.

सगळे त्याला मिस्त्री म्हणत. गॅरेजात मधोमध चार स्टँडवर चढवलेली जुनी पिकअप होती, चाके लटकलेली, पोट उघडे पडलेले. ती त्याच्या वहिनीची गाडी. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर तिने घर चालवण्यासाठी हीच गाडी घेतली आणि हाच घाट धरला. गावापासून डोंगरावरच्या वस्तीपर्यंत ती सामान पोचवायची: पीठ, औषधे, गॅसच्या टाक्या, एकदा तर कुणाचे शिलाईमशीन. पण येत्या सोमवारपासून सामान नसणार होते, मुले असणार होती. वस्तीवरची शाळा बंद झाली होती, आणि तिथली अकरा मुले रोज खाली आणायची जबाबदारी वहिनीने घेतली होती. चढताना भीती नसते. भीती उतरताना.

आता हे समजून घ्या, म्हणजे पुढचे सोपे जाईल. अशा गाडीला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. इंजिनाचा जोर ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. तिची दांडी एकीकडे टाकली की गाडी नेहमीसारखी पळते, त्याला म्हणायचे हाय. दुसरीकडे टाकली की पळणे कमी आणि ओढ जास्त, ते लो. मधोमध ठेवली तर न्यूट्रल: मग इंजिन चाकांना आवरतच नाही, गाडी सुटते ती सुटते. त्या घाटात लोमध्येसुद्धा भरलेली गाडी पुढे खेचायची आणि ब्रेकवर पाय दाबून धरावा लागायचा. उपाय एकच होता. एका पेटीमागे दुसरी जोडायची. लो गुणिले लो. मग गाडी मुंगीच्या पावलाने उतरते.

तशी पेटी नवी मिळत नव्हती, गाडीच इतकी जुनी. पण मिस्त्रीपाशी एक होती. कामाच्या टेबलाखाली, ताडपत्रीत बांधलेली. थोरल्या भावाच्या गाडीतली.

दादाची गाडी सहा वर्षांपूर्वी त्याच घाटात तिसऱ्या वळणावरून खाली गेली. दादा एकटाच होता. चौकशी झाली, कागदावर आले, ब्रेक जळाले होते. ते का जळाले, हे मात्र कागदावर आले नाही. ते लोकांनी सांगितले. लोक म्हणाले, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली असणार, दुसरं काय. पारावर, दुकानात, सोयऱ्यांच्या घरी, सगळीकडे तेच. वहिनीच्या तोंडावरही. ती कुणाला उलट बोलली नाही.

मिस्त्रीने भंगार विकले, पण पेटी ठेवली. दांडी मुळापासून तुटली होती, त्यामुळे बाहेरून काही कळत नव्हते. आत मात्र कळले असते. आत एक दातांची कडी असते, तिला धरून दांडीबरोबर सरकवणारा एक फोर्क असतो, आणि तो जिथे आहे तिथून हलू नये म्हणून स्प्रिंगखाली एक पोलादी गोळी खाचेत बसलेली असते. पेटी उघडली असती तर दादा कशात उतरत होता ते पाच मिनिटांत दिसले असते.

म्हणूनच त्याने उघडली नाही. न्यूट्रल निघाले, तर चूक दादाची. लो निघाले, तर मग ब्रेक, आणि त्या ब्रेकांचे लायनर आठच दिवस आधी मिस्त्रीने स्वतःच्या हाताने बसवले होते. भाऊ दोषी की आपण, एवढाच प्रश्न त्या ताडपत्रीत बांधला होता. आणि रोज टेबलापाशी काम करताना त्याच्या पायाचा अंगठा तिलाच ठेचकाळायचा. लोक देवाला विचारतात, मला उत्तर दे. याच्या पायाशी उत्तर पडलेले, आणि हा ते ओलांडून जातोय.

पाचव्यांदा तो बसला तेव्हा दारात टर्नर आला. शेजारच्या गाळ्यात लेथ चालवणारा, पोटाने मोठा, तोंडाने त्याहून मोठा. त्याने दोन पेट्यांच्या मध्ये बसणारी जाड तबकडी कातून आणली होती. ती टेबलावर ठेवत म्हणाला, "एका गाडीला दोन पेट्या म्हणजे एका घरात दोन जावा. तेल दोघींना सारखं घाल बाबा, नाहीतर सगळ्या घाटाला भांडण ऐकू जाईल."

मिस्त्री हसला नाही. टर्नरने त्याच्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले. त्याला ठाऊक होते ती कुणाची. मग तो समोर उकिडवा बसला आणि पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिला, पाना फिरवताना हलू नये म्हणून.

सोळा बोल्ट निघाले. खालच्या बुचातून काळे तेल संथ ओघळले. लाकडी हातोडीचे चार ठोके घालून झाकण सुटले. मिस्त्रीने चिंधीने आत पुसले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुसायची गरज नव्हती.

फोर्क लोमध्ये होता.

कड्यावरून शंभर हात खाली आपटताना दांडी तुटली होती, कवचाला ओरखडे होते, पण गोळीने खाच सोडली नव्हती. दादा लोमध्ये उतरत होता. जसे उतरायला हवे तसेच.

टर्नरने विचारले, "काय निघालं?" मिस्त्री म्हणाला, "बसेल." आणि उठून तो गाडीखाली सरपटत गेला. टर्नरने मग अधिक विचारले नाही. फक्त जाताना सांगून गेला, की प्रॉपेलर शाफ्टची, पेटीचा जोर चाकांकडे नेणाऱ्या त्या लांब नळ्यांची, मापं उद्या दुपारपर्यंत दे, मागचा कापायचा आहे, पुढचा वाढवायचा आहे, आणि माझा लेथ तुझ्या मूडवर चालत नाही.

त्यानंतर मिस्त्रीने जे काम केले ते पाहण्यासारखे होते आणि पाहवत नव्हते. हातांना उसंत नव्हती. दादाच्या पेटीचा पुढचा, हाय-लोचा भाग त्याने धुतला, नवी सीलं घातली, तबकडी लावली, त्यामागे वहिनीच्या गाडीची पेटी जोडली. जोडी जॅकवर घेऊन गिअरबॉक्सला चढवली. आधाराची आडवी पट्टी मागे सरकवून वेल्ड केली. दुसऱ्या दांडीसाठी केबिनचा पत्रा कापला. पण मध्येच तो हातातला पाना शोधत फिरायचा. आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होते. ते दादाचे नव्हते, त्याचे स्वतःचे होते.

अपघाताच्या दोन महिने आधी दादाच म्हणाला होता, लो पुरत नाही रे, दुसरी पेटी लावून दे. मिस्त्री तेव्हा हसला होता. म्हणाला होता, "गाडी चालवतोस का रणगाडा? एक पुरे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आली. गाडी स्टँडवर, म्हणून चालत आलेली, हातात जेवणाचा डबा. पाहते तो मिस्त्री गाडीखाली उताणा, टेपने पेटीपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचे अंतर मोजतोय आणि खडूने हातावर आकडा लिहितोय. तिने डबा ठेवला, वाकून पाहिले.

"भावजी," ती म्हणाली, "चाकं लटकतायत."

तो थांबला.

"हे नेहमी सांगायचे मला. हवेत मोजू नये, चाकं जमिनीला टेकली की मोजावं. नाहीतर शाफ्ट लांब होतो आणि पहिल्याच खड्ड्यात पेटीला धडका देतो. तुम्हीच शिकवलं होतंत ना यांना?"

त्यानेच शिकवले होते. कुणी शिकाऊ पोरगाही असले माप घेतले असते तर याने त्याचा कान पिळला असता. गाडी उचललेली असली की अॅक्सल खाली लोंबतो, अंतर वाढते. खाली टेकवली की वर येतो. वीस वर्षांत तो हे कधी विसरला नव्हता, आज विसरला. तो गाडीखालून बाहेर आला, हातावरचा आकडा विजारीला पुसला.

मग त्याने तिला टेबलापाशी नेले. फोर्क आणि कडी त्याने वेगळी काढून ठेवली नव्हती. झाकण लावण्याआधी जशी होती तशी खडूने खूण करून कागदावर आखून घेतली होती, आणि जुनी गोळी, स्प्रिंग एका वाटीत होती. ते दाखवत त्याने सांगितले. लो निघाले, एवढेच.

वहिनी कागदाकडे बघत राहिली. मग आखलेल्या रेघेवर तिने बोट ठेवले.

"नक्की?"

"गोळी खाचेतच होती. हलली असती तर खाचेची कड खरवडली गेली असती."

"म्हणजे यांनी घाई नव्हती केली."

मिस्त्रीला त्या शब्दाचा अर्थ लागेना. घाईचे तर कुणीच बोलले नव्हते. तेव्हा तिने सांगितले. त्या सकाळी घरात पाहुणे यायचे होते, आणि गाडी सुरू होताना ती दारातून म्हणाली होती, आज लवकर या. लोक डिझेल म्हणत होते. तिला मात्र सहा वर्षे वाटत होते, की माझ्या शब्दासाठी त्यांनी गाडी मोकळी सोडली. म्हणून ती कुणाला उलट बोलली नव्हती.

बघा, देवाने एकाच घरात दोघांना एकच काटा टोचून ठेवला होता, आणि दोघेही एकमेकांपासून पाय लपवून चालत होते.

आता मिस्त्रीला गप्प राहता येईना. त्याने लायनरचे सांगितले. दुसऱ्या पेटीचे सांगितले. रणगाड्याचेही, जसे बोलला होता तसेच, शब्द न बदलता. म्हणाला, "मागितली होती त्यानं, वहिनी. मी हसलो."

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली. मग तिने डब्याचे झाकण उघडून त्याच्यापुढे सरकवले.

"हसलात ते हसलात," ती म्हणाली. "ते काही मी पुसू शकत नाही. खा आधी. मग चाकं टेकवा आणि नीट मोजा."

त्याने खाल्ले. बसून खाल्ले. टर्नर मापं न्यायला आला तेव्हा त्याने दारातूनच पाहिले, आणि हा माणूस बसलेला पाहून क्षणभर त्याला वाटले, तब्येत बरी नसावी.

रविवारी सकाळी गाडी घाटाच्या माथ्यावर होती. शाफ्ट बसले होते, दोन्ही पेट्यांना तेल भरले होते, केबिनमध्ये एकीऐवजी दोन दांड्या उभ्या होत्या. मागे वहिनीने वाळूची अकरा पोती भरून घेतली होती. प्रत्येक पोते तिने वजनकाट्यावर ठेवून बांधले होते. सगळ्यांत लहान पोते अठरा किलोचे. टर्नरने त्याच्यावर खडूने दोन डोळे आणि नाक काढले होते, आणि वहिनीने ते पुसू दिले नव्हते.

मिस्त्री म्हणाला, पहिली खेप मी उतरवतो. ती म्हणाली, "उद्या तुम्ही चालवणार आहात का?" मग शेजारी बसतो म्हणाला, तर तेही नको. वजन जास्त होईल. मुले अकराच आहेत.

तेव्हा तो चालत निघाला. तिने पहिला गिअर टाकला, मग पुढची दांडी लोमध्ये, मग दुसरी. खाली कुठेतरी दोन खटके झाले, एकामागून एक. गाडी हलली.

मिस्त्री दाराशेजारून चालू लागला, सवयीप्रमाणे भरभर. दहा पावलांत तो पुढे निघून गेला. मागे वळून पाहिले, गाडी येत होती, इंजिन एका सुरात घुमत होते, टायरखालचा खडा न् खडा मोजत. त्याला थांबावे लागले. पुन्हा चालला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा थांबला. शेवटी त्याने उघड्या खिडकीवर हात ठेवला आणि गाडीच्या पावलाने पाऊल टाकू लागला. सहा वर्षांत इतके सावकाश तो कधी चालला नव्हता.

तिसरे वळण आले. इथे रस्ता असा काही खाली पडतो, की बोनेटच्या पुढे नुसते आभाळ दिसते. मिस्त्रीची बोटे खिडकीवर आवळली. वहिनीने समोरची नजर हलवली नाही. म्हणाली, "भावजी, खाली बघा."

त्याने आत डोकावले. तिने दोन्ही चपला काढून ठेवल्या होत्या. ब्रेकवर पाय नव्हता, क्लचवर नव्हता. दोन्ही पावले पत्र्यावर शेजारी शेजारी टेकलेली, घरी उंबऱ्यात बसावी तशी. आणि अकरा मुलांचे वजन घेऊन गाडी आपली उतरत होती, चालणाऱ्या माणसाच्या जोडीने, ना पुढे ना मागे. पेट्या दोन होत्या, पण आवाज एकच येत होता.

वळण मागे पडले. दोघांपैकी कुणीही कड्याकडे पाहिले नाही.

झाली गोष्ट. सोमवारी मुले आली, शाळा भरली, त्यात सांगण्यासारखे काही नाही. तुमच्याकडे माझे मागणे एवढेच. कधी एखादा उतार उतरत असाल, रस्त्याचा असो की आयुष्याचा, आणि पाठीमागून कुणी म्हणाले की आधीचा गेला तो त्याच्याच चुकीने, तर त्या थोरल्या भावाला आठवा. त्याचे नाव मी सांगितले नाही, ते नसले तरी चालेल. तो लोमध्ये उतरत होता. त्याने घाई केली नव्हती.