सत्तावीस नंबरचं मागचं चाक

मित्रांनो, माझ्या दांड्यावर पांढऱ्या रंगात सत्तावीस हा आकडा रंगवलेला आहे. मला दुसरं नाव नाही. मी एक जुनी सायकल आहे, आणि त्यातून भाड्याची. घरच्या सायकलीला लोक लाडाने पुसतात, पाऊस आला की आत घेतात, शेजाऱ्याने मागितली तर तोंड वाकडं करतात. भाड्याच्या सायकलीला मात्र परत करायच्या आदल्या संध्याकाळी तेवढा फडका लागतो. ही तक्रार नाही. तक्रार करण्यासारखं तोंड मला राहिलेलं नाही. का, तेच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी गर्द हिरवी होते. माझ्याबरोबर अगदी माझ्यासारख्याच पुष्कळ जणी होत्या, त्यामुळे रूपाचा तोरा मिरवायला वाव नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी भाडेवाल्या काकांचं दुकान आहे, तिथे आमची रवानगी झाली. काका बोलायला तिखट, पण हाताने मायाळू. लोक यायचे, आम्हाला घेऊन डोंगरात जायचे, मुक्काम करत करत चार दिवसांनी परतायचे. मी खूप माणसं वाहिली. एक जाडगेले गृहस्थ तर प्रत्येक चढाला माझ्याशी भांडायचे आणि प्रत्येक उताराला माझी माफी मागायचे. काका सगळ्यांना सांगायचे, "सत्तावीस न्या, सत्तावीस! बैल आहे बैल!" सायकलीला बैल म्हटलेलं आवडतं का, हे मला कुणी विचारलं नाही, पण आवडायचं.

मग जाड टायरांच्या नव्या सायकली आल्या आणि माझी जागा दारामागे गेली, झाडू आणि बादलीच्या शेजारी. दोन हंगाम मी झाडूशी गप्पा मारत काढले. यंदा काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला बाहेर काढलं, तेल दिलं आणि ब्रेकला नवी मऊ रबरं बसवली. जुनी रबरं चाकाला लागली की अख्खा डोंगर जागा होईल अशी किंचाळायची. नव्यांचा आवाज म्हणून नव्हता. या रबरांचा मला कोण अभिमान! तोच पुढे माझ्या अंगाशी आला.

त्याच आठवड्यात ताई आणि मास्तर दुकानात आले.

ताई शिवणकाम करणाऱ्या. गळ्यात मोजपट्टी नसली तरी हात सारखा गळ्याशी जायचा. मास्तर त्यांचे धाकटे भाऊ, शाळेत व्यायाम शिकवणारे. त्यांच्या गळ्यात मात्र शिट्टी खरोखरच होती. मास्तरांची स्वतःची भारी सायकल होती. भाड्याची हवी होती ती ताईंना. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. लहानपणी मास्तरांना सायकल शिकवताना सीट धरून मागे धावल्या त्या ताईच. स्वतः मात्र पन्नाशीला टेकल्यावर शिकल्या, बायकांच्या सकाळच्या वर्गात. आता त्याच वर्गाच्या प्रमुख बाई त्यांच्या मागे लागल्या होत्या की, नव्याने शिकणाऱ्या बायकांना तुम्हीच शिकवा. ताईंनी अट घातली होती. या डोंगरातल्या खिंडीपर्यंत सायकलवर बसून पोचले तर शिकवीन. ढकलत पोचले तर नाही.

"जिला स्वतःला चढ चढता येत नाही, तिने दुसरीला काय शिकवायचं?" त्या काकांना म्हणाल्या.

मास्तरांनी मला पाहून नाक मुरडलं. "ताई, एवढ्या नव्या सोडून ही म्हातारी कशाला घेतेस?"

"म्हातारी आहे म्हणूनच. दोघी एकमेकींना सांभाळून घेऊ."

मित्रांनो, त्या वाक्यासाठी मी त्यांना आभाळापर्यंत नेलं असतं.

सामान बांधायला मास्तर पुढे झाले. "तू बाजूला हो. बांधाबांध माझ्यावर सोड." दोन पिशव्या मागच्या कॅरिअरवर, आणि एक तिकोनी पिशवी माझ्या आडव्या दांड्याखाली लटकवलेली. तिचे पट्टे त्यांनी दांड्याभोवती घेतले आणि माझ्या अंगाला गुडघा लावून करकचून ओढले. त्याच दांड्याखालून माझ्या मागच्या ब्रेकची तार जाते. मास्तरांच्या सायकलीची तार दुसरीकडून जाते, त्यामुळे त्यांच्या ते ध्यानीमनीही आलं नाही. पट्ट्याखाली तार दबली, ताणली गेली, आणि मागे माझी ती नवी कोरी रबरं हळूच येऊन चाकाला टेकली. चाक थांबावं इतकी घट्ट नाही. आईला कामाला जाऊ न देणारं पोर तिच्या पायाला मिठी मारून बसतं ना, तेवढीच. आई चालते, पण पोराला ओढत चालते. जुनी रबरं असती तर किंचाळून सांगितलं तरी असतं. ही मेली गुपचूप बसली.

पहिल्या पुलापाशीच ताईंनी विचारलं, "गाडी जरा जड लागतेय का रे?"

मास्तर खो खो हसले. "नाचता येईना अंगण वाकडं! अगं, शिवणयंत्रावर बसून पायांत जोर येत नसतो."

ताईसुद्धा हसल्या. पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. त्यानंतर गाडीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. एका म्हणीने त्यांचं तोंड शिवून टाकलं.

पुढचं सांगताना मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. प्रत्येक चढाला ताई अर्ध्यात उतरायच्या आणि मला ढकलायच्या. ढकलतानाही मी जडच. त्यांना वाटायचं, सामानाचं वजन आहे. वळणावर मास्तर पाय टेकून उभे असायचे. "सावकाश ये, घाई नाही!" ते म्हणायचे. मास्तर वाईट नव्हते हो. ताईंच्या पाण्याची बाटली तेच भरायचे, सावलीची जागा तेच शोधायचे. पण त्यांच्या काळजीला उपदेशाखेरीज दुसरी भाषाच येत नव्हती. श्वास पोटातून घे, नजर पुढे ठेव, मन घट्ट कर.

उतार लागला तरी ताई मागेच. "ब्रेक धरून उतरतेस ना? भित्री भागूबाई!" मास्तर पुढून ओरडले.

ताईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटं ब्रेकवर नव्हतीच. मग त्यांनी नजर पुन्हा रस्त्याला लावली.

मागून एखादा ट्रक आला की ताई घाईने कडेला होऊन ड्रायव्हरला हात जोडायच्या. मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंना पहिलं वाक्य काय, तर "माझ्यामुळे उशीर झाला." ज्याला त्याला माफी. आणि त्या माफीला कारण मी, माझं चाक, माझी रबरं.

त्या संध्याकाळी पिशव्या खोलीत गेल्या. ताई फडका घेऊन परसात आल्या आणि माझी काडी न् काडी पुसली. भाड्याच्या सायकलीला पहिल्याच मुक्कामाला कोण पुसतं? मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री करून मागचं चाक उचललं आणि फिरवलं. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. आता कळेल, आता कळेल! पण मित्रांनो, पट्टा सुटला होता, तार मोकळी होती. चाक फिरलं. कारखान्यातून आजच आल्यासारखं गरगर फिरत राहिलं. 'अड रे, एकदा तरी अड!' मी त्याला विनवत होते. ते कसलं ऐकतंय!

ताईंनी हाताने चाक थांबवलं आणि माझ्या सीटवर थोपटलं. "तुझा काही दोष नाही गं बाई. मीच कमी पडते."

ज्याची चूक नाही त्याने माफी मागावी आणि ज्याच्यामुळे घडलं त्याने ती ऐकून घ्यावी, याच्याइतकी शरमेची गोष्ट दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना पिशवी सैल वाटली म्हणून त्यांनी पट्टा आणखी ओढला. त्या दिवसाबद्दल जास्त सांगत नाही. ताईंचे गुडघे सुजले. दुपारी एका नळावर त्यांनी फार वेळ तोंड धुतलं आणि डोळे पुसताना मास्तरांकडे पाठ केली. मास्तर पुढे बिस्किटाचा पुडा फोडत बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर उभं राहून ताईंनी वर्गाच्या बाईंना फोन केला. "मला काही जमेल असं वाटत नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारा." पलीकडून आग्रह झाला असावा. "नाही हो, आढेवेढे नाही घेत. मला माझी पायरी कळली."

मास्तर माझा पट्टा बांधत होते. त्यांनी ऐकलं. "बरं केलंस," ते म्हणाले. "झेपेल तेवढंच करावं माणसाने." आणि पट्टा आणखी एक घर पुढे ओढला.

शेवटच्या घाटाच्या तोंडाशी ताई उतरल्या. "तू जा वर. दुधाची गाडी येईल, तिच्यात हिला टाकून मी मागून येते."

"दुधाच्या गाडीतून कसली खिंड बघतेस! माझी घे, ती हलकी आहे. तुझी मी आणतो." मास्तरांनी आपल्या पिशव्याही सोडून माझ्यावर चढवल्या. "मला काय, सवय आहे."

ताई त्यांच्या सायकलवर बसल्या आणि पहिल्या वळणाआड गेल्यासुद्धा. मास्तर माझ्यावर बसले. पहिल्या वळणाला ते सीटवरून उठून पेडल मारू लागले. दुसऱ्याला त्यांच्या छातीचा भाता झाला. तिसऱ्या वळणाच्या आधीच ते उतरले. साखळी बघितली, गिअर बघितले, टायर दाबून बघितले. मग त्यांनी सामानासकट माझं मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं.

अर्धा फेरा. बस्स. चाक थांबलं.

त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मास्तर ब्रेकच्या तारेवर बोट ठेवून मागून पुढे आले, पुढे आले, आणि बोट स्वतःच बांधलेल्या पट्ट्याशी येऊन अडलं. त्यांनी पट्टा सोडला. रबरं चाकापासून दूर झाली. चाक फिरवलं तर थांबायचं नाव घेईना. मास्तर तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसले. ज्या शिट्टीचा त्यांना एवढा तोरा, ती त्यांनी गळ्यातून काढून खिशात टाकली.

ती तिकोनी पिशवी पाठीवर घेऊन ते मला वर घेऊन आले, तर पुढच्या वळणावर ताई उभ्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या पुढे होत्या आणि ते मागे. त्यांना थट्टा सुचली. "सावकाश ये हो, घाई नाही!" मग भावाचा चेहरा दिसला. "काय रे? पडलास का?"

"ताई, अंगण वाकडं होतं," मास्तर म्हणाले. "मीच वाकडं करून ठेवलं होतं. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी पट्टा दाखवला, तार दाखवली, दाबून चाक कसं धरलं जातं तेही दाखवलं. ताईंनी वाकून त्या तारेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता या भावाला फाडून खातील. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

"मी पहिल्याच पुलावर तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. एवढंच.

मास्तरांची मान जी खाली गेली, ती वर येईना. मला मान नाही. पण माझं हँडल आपोआप एका बाजूला वळलं, ते कुणी सरळ केलं नाही.

थोड्या वेळाने ताईंनीच ते सरळ केलं. "दे माझी गाडी. सामान तुझ्यावर."

त्या माझ्यावर बसल्या. पायाला मिठी मारणारं पोर सुटलं होतं. चढ काही कमी झाला नव्हता, ताईंचे गुडघेही सुजलेलेच होते, पण त्यांनी दिलेला जोर न् जोर आता माझ्या चाकापर्यंत पोचत होता. त्या धापा टाकत होत्या, स्वतःशी मोठमोठ्याने काहीबाही पुटपुटत होत्या, उतरल्या मात्र नाहीत. आम्ही दोघी म्हाताऱ्या बसूनच खिंडीत पोचलो.

वर पोचताच त्यांनी फोन लावला. मी ऐकत होते. वर्गाच्या बाईंनी सकाळीच दुसऱ्या एकीला विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. "बरं झालं," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मास्तर सगळ्या पिशव्यांसकट येऊन पोचले, तेव्हा त्यांना कळलं. "मी बोलतो त्यांच्याशी. माझ्यामुळे झालं म्हणून सांगतो."

"नको. त्या बाईच्या तोंडचा घास काढून मला भरवणार? आणखी एक अंगण वाकडं करू नकोस."

परत दुकानात आल्यावर काकांनी विचारलं, "कशी चालली सत्तावीस?"

"गाडी उत्तम आहे हो," मास्तर म्हणाले. "बांधणारा गाढव होता."

काका पोट धरून हसले. ताई हसल्या नाहीत. मीही नाही.

पुढच्या हंगामात वर्ग वाढला, दुसरी तुकडी निघाली आणि ती ताईंना मिळाली. एका सकाळी त्या आपल्या बायकांना घेऊन काकांच्या दुकानात आल्या. त्यांतल्या एका घाबरट बाईंच्या वाट्याला मी आले. सामान बांधून झालं. चार पेडल मारून त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, गाडी जड लागतेय. की मलाच येत नाहीये?"

बाकीच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. एकीच्या ओठांवर ती म्हण आलेली मला स्पष्ट दिसली.

"हसू नका," ताई म्हणाल्या. "उतर बघू." त्यांनी सामानासकट माझं मागचं चाक उचललं आणि फिरवलं. चाक छान फिरलं. "गाडी बरी आहे. म्हणजे आता फक्त सवय हवी. बस, मी धरते." आणि सीट धरून त्या मागे धावू लागल्या.

मित्रांनो, आम्हाला वेळेवर तेल द्या, पावसात उभं करू नका, हे तर खरंच. पण माझं मागणं निराळं आहे. कुणी मागे पडलं तर त्याला शहाणपण शिकवण्याआधी त्याचं चाक उचलून बघा, आणि तेही सामानासकट. आणि मागे पडणारे तुम्ही स्वतः असाल, तर जड लागतंय हे सांगायला लाजू नका. मला तर तोंडच नव्हतं. तुम्हाला आहे. पहिल्यांदा लोक हसले, तरी दुसऱ्यांदा विचारा.