सासूबाई बॉनेट उघडतात

आमच्या सासूबाईंना एखादी गोष्ट जमणार नाही असं कुणी म्हटलं, की ती त्यांना जमलीच म्हणून समजावं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मी बरेच वाद हरले. आता मी सरळ त्यांच्या बाजूला उभी राहते. त्यात शहाणपण आहेच, पण खरं सांगायचं तर मला त्या फार आवडतात.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान आणि धुण्याची खोली, वर घर. लाँड्री सासऱ्यांनी उभी केली आणि आता माझा नवरा चालवतो. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही अडखळतं. हात व्यायामाने सुधारतोय. बोलण्याचं मात्र असं, की घरात ते तोंडच उघडत नाहीत. शब्द शोधायला लागले की समोरचा माणूस त्यांच्या ओठांकडे टक लावून बघतो, आणि ते त्यांना सहन होत नाही. त्यामुळे घरात सगळा कारभार मान हलवून चालतो.

पण रोज सकाळी सासूबाई त्यांना गाडीतून व्यायामाच्या दवाखान्यात न्यायच्या, आणि गाडीत ते बोलायचे. दोघंही समोर रस्त्याकडे बघत बसलेले, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, घाई नाही. शब्द यायचा तेव्हा यायचा. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. नवऱ्याला तर ती आईची भाबडी समजूत वाटायची.

अशात एका सकाळी सासूबाईंनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली. कुणाला लागलं नाही, पण दाराला चांगलाच पोचा आला. आवाज ऐकून आम्ही सगळे बाहेर धावलो.

"समोरून ऊन येत होतं," त्या म्हणाल्या. "काचेवर धूळ होती म्हणून पाणी मारलं, तर काच एकदम पांढरी झाली. मला काही म्हणजे काही दिसेना."

"आई, काच पांढरी होत नाही," नवरा म्हणाला. "डोळे पांढरे होतात."

माझा नवरा मनाने वाईट नाही. पण घाबरला की तो कडू बोलतो, आणि त्या दिवशी तो खूपच घाबरला होता. गाडीत त्याचे आई-बाप दोघंही होते. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की आता आईने गाडी चालवायची नाही, आपण ड्रायव्हर ठेवू. सासऱ्यांनी डावा हात उचलला, तोंड उघडलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. त्यांनी तोंड मिटलं आणि हात खाली घेतला.

"डोळे मी नुकतेच तपासून घेतलेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "काच तपासायची राहिली आहे. रविवारी तू मागच्या सीटवर बस. मी उन्हाच्या दिशेने चालवते. मला दिसत नाही असं तुला वाटलं, तर किल्ली तुझ्या हातात देईन आणि परत मागणार नाही."

नवरा कबूल झाला. मधल्या दिवसांत सासऱ्यांना तोच दवाखान्यात नेऊ लागला. बिचारा दर चौकात मान वळवून विचारायचा, "बाबा, बरं वाटतंय ना?" सासरे जाता-येता एक अक्षर बोलले नाहीत. घरी आले की तडक धुण्याच्या खोलीतल्या आपल्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. सासूबाई त्यांच्याकडे बघायच्या आणि काहीतरी काम काढून आत जायच्या. मला ते बघवत नव्हतं. घरात दोन माणसं एकमेकांना मुकली होती आणि त्यांच्यामध्ये फक्त एक गाडी उभी होती.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

"गॅरेजमध्ये देऊया ना," मी म्हटलं.

"गॅरेजवाला साफ करून देईल. पण आत काय अडकलं होतं ते सांगणार नाही, आणि मला तेच कळायला हवंय. तू आत बसून काचेवर पाणी मारायचा दांडा ओढ."

मी ओढला. आतून मोटारीची घरघर ऐकू आली, पण काचेवर एक थेंब नाही.

"मोटार जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे पाणी निघतंय पण पोचत नाहीये."

बॉनेटवर वायपरच्या पुढे पाणी उडवणारी दोन बारीक तोंडं असतात. आयुष्यभर गाडीत बसूनही मी ती कधी नीट पाहिली नव्हती. सासूबाईंनी कपड्यांना चिठ्ठ्या लावायची टाचणी आणली आणि एकेका भोकात हळूच फिरवली. मी पुन्हा दांडा ओढला. दोन्ही तोंडांतून पाणी उडालं आणि मी गाडीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा ओढेपर्यंत धार बारीक झाली, चौथ्यांदा बंदच पडली. माझ्या टाळ्या वाया गेल्या.

सासूबाई चिडल्या नाहीत. त्यांचं हेच मला नवल वाटतं. मी असते तर टाचणी फेकून दिली असती. त्यांनी काचेवर उडालेलं पाणी बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, वास घेतला. मग बोट उन्हात धरून वाळू दिलं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडलं.

"इकडे ये. हात लाव."

मी लावला. बोटावर पातळ, कडक पापुद्रा धरला होता. लाँड्रीतल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

"खळ," मी म्हटलं.

"नीळ घातलेली खळ," त्या म्हणाल्या.

मग सगळंच उलगडलं. पांढरे गणवेश कडक राहावेत म्हणून आम्ही पातळ खळ करतो, त्यात नीळ टाकतो आणि कॅनमध्ये भरून ठेवतो. गाडीच्या काचेसाठी विकत आणलेलं पाणीही निळंच, आणि तेही शेजारच्याच फळीवर, तसल्याच कॅनमध्ये. कुणीतरी चुकीचा कॅन उचलून गाडीच्या त्या पाण्याच्या टाकीत ओतला होता. सासूबाई पाणी मारत होत्या आणि गाडी काचेला खळ करत होती. वरून ऊन पडल्यावर ती पांढरी होणार नाही तर काय? आता फक्त इस्त्री फिरवायची बाकी होती.

मी धावत दुकानात जाऊन नवऱ्याला ओढून आणलं आणि सासूबाईंचं बोट दाखवलं. मला वाटलं तो हसेल, विषय संपेल. त्याने बोट पाहिलं आणि त्याचा चेहरा आणखी उतरला.

"म्हणजे आईने टाकीत खळ ओतली," तो म्हणाला. "टाकी तीच भरते ना? आई, तू विसरली असशील. मला डोळ्यांची काळजी होती, आता ही दुसरीच निघाली."

तो वाईट हेतूने बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. तो दुकानात परत गेला. सासूबाई बॉनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या.

"मी ओतली असेन का गं?" त्यांनी मला विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःबद्दल असा प्रश्न कधीच विचारला नव्हता. मला नवऱ्याचा असा राग आला, की त्याला त्याच्याच यंत्रात घालून पिळून काढावंसं वाटलं.

"नाही," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"माहीत नाही. पण नाही."

त्या थोडं हसल्या. "बरं. ओतली कुणी ते राहू दे, काढायची आपल्यालाच आहे. आणि आधी मी मूर्खपणा केला. कॉलरवर वाळलेली खळ आपण कधी टाचणीने उकरतो का? भिजवतो. कढत पाणी आण."

लाँड्रीत कढत पाण्याला काय तोटा. मी बादल्या वाहत राहिले. सासूबाईंनी चाकाजवळ आडवं होऊन टाकीची मोटार अलगद बाहेर ओढली, तशी टाकीतली सगळी निळी, आंबूस खळ भळाभळा परातीत आली. मोटारीच्या तोंडाशी एक इवलीशी जाळी होती, ती लगद्याने पार बुजली होती. त्यांनी ती ब्रशने घासली. टाकीत गरम पाणी घालायचं, मुरू द्यायचं, सोडायचं, बोट फिरवून बघायचं. बोट बुळबुळीत लागलं की पुन्हा. पाणी उकळतं नको, प्लॅस्टिक वाकेल, असं त्या मला दर बादलीला बजावत होत्या. बॉनेटच्या खालून चाप दाबून त्यांनी ती दोन तोंडं काढली आणि माझ्या चांगल्यातल्या कपात भिजत घातली. नळीचं एक टोक माझ्या तोंडात दिलं आणि म्हणाल्या, "फुंक. तुझ्या तोंडाचा कधीतरी उपयोग होऊ दे." मी गाल फुगवून फुंकलं. दुसऱ्या टोकातून खळीची एक लांबलचक गुठळी सुळकन बाहेर पडली आणि आम्हा दोघींना हसू आवरेना.

हे सगळं करताना मी त्यांच्या हातांकडे बघत होते. जन्मभर सोडा आणि वाफ सोसलेले, सांधे सुजलेले हात. पण कशालाही जबरदस्ती नाही. जे निघत नाही ते आणखी थोडं भिजवायचं आणि तोवर दुसरं काही करायचं. मला वाटलं, या बाईने बाबांचं बोलणंही असंच सोडवलं असणार.

सगळं परत जोडून, खऱ्या कॅनमधलं पाणी भरून मी दांडा ओढला. धार इतकी जोरात आली की टपावरून पलीकडे गेली आणि दोरीवरच्या नवऱ्याच्या नव्याकोऱ्या शर्टाला भिजवून आली. सासूबाईंनी टाचणीने तोंडं जरा खाली वळवली. शर्टाचं आम्हा दोघींनाही वाईट वाटलं नाही.

रविवारी आम्ही चौघं निघालो. पुढे ते दोघं, मागे नवरा आणि मी. सासूबाईंनी मुद्दाम काच पुसली नव्हती. मोठ्या रस्त्याला लागलो आणि ऊन थेट तोंडावर आलं. काचेवरची धूळ चमकायला लागली, पुढचा ट्रक धुरकट दिसू लागला. नवऱ्याने पुढच्या सीटची कड घट्ट धरली. सासूबाईंनी दांडा ओढला. दोन धारा उठल्या, काचेवर पसरल्या, वायपर एकदा गेले, एकदा आले. रस्ता लख्ख दिसायला लागला. पुढच्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरं त्यांनी लांबूनच मोठ्याने वाचून दाखवली, नंबरासकट. मला ती दिसायच्याही आधी.

डोळ्यांचा प्रश्न मिटला होता. दुसरा, विसरण्याचा प्रश्न मात्र गाडीत आमच्याबरोबर बसला होता, आणि तो सासूबाईंच्या मानेवरूनही मला कळत होता. त्या ताठ बसल्या होत्या.

"खळ," असा आवाज आला.

सासरे बोलत होते. जाड, घासत येणारा आवाज, पण त्यांचाच.

"खळ... तू... ओतलीस," ते समोर बघत म्हणाले. "तिनं नाही. तू. गाडी... नेलीस ना... व्हॅन बंद... तेव्हा. मी... खुर्चीत होतो. बघितलं."

"बाबा?" नवरा पुढे झुकला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागला.

"मागे हो," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ."

तो मागे सरकला आणि समोर बघू लागला. चौघंही समोर बघत होतो. बऱ्याच वेळाने पुढचा शब्द आला.

"सांगणार... होतो. त्या दिवशी. सगळे... बघत होते."

मागे एकदा लाँड्रीची व्हॅन बंद पडली होती तेव्हा नवऱ्याने कपडे पोचवायला ही गाडी नेली होती, आणि निघताना घाईत ही पाण्याची टाकी भरली होती. हे त्याला आता आठवत होतं.

"हो बाबा," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "मीच ओतली. आई, चुकलं माझं. खूप चुकलं."

डावीकडून एक सायकलवाला आडवा येत होता, त्याला सासूबाईंनी जाऊ दिलं. मग डाव्या हाताने गिअर बदलला आणि तोच हात क्षणभर सासऱ्यांच्या गुडघ्यावर ठेवला. सासूबाईंचे खांदे खाली आले होते.

"रोज बोलतात असे?" नवऱ्याने विचारलं.

"रोज. तुझ्या इस्त्रीबद्दल तर फार."

"कडा... सोडतो," सासरे म्हणाले. नवरा एकाच वेळी हसला आणि रडला, आणि मीही.

दवाखान्याच्या दाराशी सासूबाईंनी गाडी लावली. नवरा उतरला, सासऱ्यांचं दार उघडून उभा राहिला आणि आईकडे वाकून म्हणाला, "आई, उद्यापासून मीही येतो. रोज. दुकान काय, थोडं उशिरा उघडेन."

सासूबाईंनी ब्रेक ओढला, किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"रविवारी येत जा," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस आमचे आहेत."