वीतभर जास्तच उंच म्हातारी

मी बोलतेय, कोपऱ्यातली उभी म्हातारी! माणसाहून उंच, अंगानं ओकच्या लाकडाची, पोटात घड्याळाचा लंबक. माझ्याकडे बघतात सगळे, पण ऐकतंय कोण?

मला शेंकिन सुतारानं घडवलं. फळ्या वर्षानुवर्षं वाळवल्या. सांध्यांना खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. आणि माझ्या तोंडावर नाव कुणाचं? आत चक्रं बसवणाऱ्या घड्याळजीचं! शेंकिनचं नाव पाठीवरसुद्धा नाही. आहे का न्याय?

वेल्समधल्या आमच्या मळ्यावर मला मुद्दाम अर्धा तास पुढे लावलं. का, तर रविवारी चॅपेलात प्रार्थनेला उशीर नको. मग जो तो मनात अर्धा तास वजा करायचा आणि उशिराच पोचायचा. वर "घड्याळच खोटं" म्हणून बोल मला! किल्ली मात्र शनिवारीच. रविवारी दिली तर म्हणे पाप, देवाच्या दिवशी काम नको. खोटी वेळ दाखवलेली चालते!

परवा घरधनीण मेरेरिद मळा सोडून जुन्या, बुटक्या घरात राहायला आली. मीही आले. माझं डोकं तुळईला अडलं. तिचा मुलगा एम्रिस करवत घेऊन हजर.

"आई, खालून वीतभर कापतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."



"तुझी बायको तुझ्याहून वीतभर उंच आहे," मेरेरिद म्हणाली. "तिचं काय कापलंस रे?"

सून लिनेद चहा ओतता ओतता फिस्सकन हसली. "आई, नका सुचवू. हे टेप घेऊन येतील."

"मग ठेवू कुठं हिला? मेंढ्यांत?" एम्रिस म्हणाला.

मेरेरिदनं काठीनं जमिनीवरची लादी ठोकली. "ही उचल. खड्डा कर."

"घड्याळासाठी जमीन खणू?"

"तुझ्या बापासाठी खणलीच ना? तो तर टिकटिकही करत नव्हता."

खणली बिचाऱ्यानं, पुटपुटत पुटपुटत. आता मी घोट्यापर्यंत खड्ड्यात उभी आहे. ओल लागू नये म्हणून लिनेदनं भोवती लोकर कोंबलीय, ती मेली टोचते. पण पाय माझे शाबूत आहेत, शेंकिननं दिलेले.

तेव्हा बाबांनो, घरात एखादी उंच म्हातारी मावत नसेल, तर आधी घराला जरा सरकायला सांगा. आम्ही खूप सरकलो.