पंख्याखालची जाड कादंबरी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मला टेबलफॅनखालून ओढून काढलं, तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. मी एक कादंबरी बोलतेय. जन्म अमेरिकेतला, मराठीत आले अनुवाद होऊन. अंगाने विटेएवढी.

मला आणलं या घरातल्या वहिनीच्या धाकट्या दिराने. मित्रांत मिरवलं, तिसाव्या पानावर जांभई दिली आणि पंखा उंच करायला मला खाली सरकवलं. त्याचं तरी काय चुकलं? माझ्यात एक माणूस हरवतो, पुढच्या पानावर तोच दिव्याशी बोलतो, मग दोन पानं नुसती साबणाची जाहिरात. आकडा दिसला की शेवटी जाऊन टीप शोधायची. त्या टिपेलाही टीप.

त्या दुपारी वहिनीची तान्ही लेक रडून रडून लाल झाली होती. सगळी गाणी गाऊन झाली. मग वहिनीने मला उघडलं आणि मोठ्याने वाचू लागली, एकाच सुरात. तान्ही गप्प झाली.

मग ते रोजचंच झालं. वहिनी एकही टीप गाळायची नाही. गाळली तर लेकीला काहीतरी होईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"काय गं, आहे तरी काय त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, आई."

"मग वाचतेस कशाला?"

"रडू थांबतं."

"माझ्या नातीचं की तुझं?"

"मला रडू येत नाही, आई."

खरंच येत नव्हतं. दूध पाजायची, लंगोट बदलायची, ताप नसताना कपाळ चाचपायची. तेवढंच.

एक दिवस माझं कोरं पान आलं. लेखकाने मुद्दाम सोडलेलं. तिने ते उजेडात धरून पाहिलं. गाळायचं नाही, पण वाचायचं काय? तान्ही चुळबुळू लागली.

"हे बघ बाई," वहिनी तिला म्हणाली, "इथे काही लिहिलेलं नाही. माझ्या आतही काही नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. मला त्याची फार भीती वाटते गं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत आल्या, नातीला उचललं. "बाळंतपणानंतर मलाही असंच झालं होतं. कुणाला बोलले नाही. चल, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

आता वहिनी औषध घेते. हसत नाही अजून. मला रोज त्याच कोऱ्या पानावर उघडते आणि मनातलं लेकीला सांगते.

"वहिनी, पुढे सरकलीच नाहीस की!" दीर म्हणाला.

"हे पान संपू दे."

माझा शेवट कुणी वाचला नाही, चालेल. तुमच्या घरी, शेजारी कुणी बाळंतीण अशी गप्प बसलेली असेल, तर तिच्यापर्यंत एवढं पोचवा: कोऱ्या पानावरही मोठ्याने बोलता येतं.