ओळंब्याने लावलेलं क्रीम

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. उंट म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं उंच स्टूल. आणि शेळी एकच, पण काय शेळी! मिशीवाली, खांद्यावर टॉवेल टाकलेली, गेली तीसएक वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा करणारी. माझा नवरा.

माझा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. पंख्याची पाती पुसताना त्याच स्टुलावरून पडले. दवाखान्यात मी कळवळत होते आणि हे डॉक्टरांना विचारत होते, "प्लास्टरची कड जरा सरळ नसती का आली?" भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीवरून सगळी साइट ह्यांना ओळंबा म्हणते ते काही उगाच नाही. ह्यांना वाकडं काही बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून येतात.

आता हात मोडायचा तर मोडावा, पण तो नेमका त्या आठवड्यात मोडावा? औषधाच्या कारखान्यातल्या कँटीनच्या बाई माझ्या घरी येणार होत्या. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई निवृत्त झाल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे थरांचं गोड करून दिलं होतं. खाली गार दुधात बुडवलेली बिस्किटं, त्यावर फेटलेलं क्रीम, त्यावर आंबा, पुन्हा क्रीम, वर द्राक्षं. शेगडी पेटवायची नाही, काही भाजायचं नाही. फ्रिजमध्ये ठेवलं की आपलं आपण होतं. कँटीनच्या बाई तिथे होत्या. त्यांनी दोनदा घेतलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" उन्हाळ्यात त्यांच्या भटारखान्यात उभं राहवत नाही, म्हणून त्यांना असलं बिनआगीचं काहीतरी रोज बाहेरून हवं होतं. "नमुना करून ठेवा, मी घरी येऊन बघते," म्हणाल्या.

खरं सांगते, मला ते काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, जीव अडकला होता माझा त्यात. जन्मभर लोक मला म्हणत आले, तुमच्या हाताला चव आहे हो. म्हणायचं, वाटी चाटूनपुसून खायची, आणि वाटी परत द्यायलासुद्धा विसरायचं. त्या कौतुकापोटी कोणी कधी काम दिलं नाही. हे आपलं माझं काम, असं दाराबाहेर बोट करून दाखवावं असं माझ्याकडे काही नव्हतं. ह्यांच्याकडे बघा, अर्ध्या गावातल्या भिंती आहेत.

तर बाई दुपारी येणार आणि माझा हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, जाऊ दे, कळवून टाकते. हे म्हणाले, "कशाला? मी करतो. तू सांग."

"तुम्ही? तुम्हाला चहा करताना दूध उतू जातं ते कळत नाही."

"ह्याच्यात उतू जायला काही आहे का?"

नव्हतं खरं. म्हणून मी स्टुलावर चढून बसले. ह्यांनी सुट्टी घेतली होती, हेच मोठं नवल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलेला माणूस हा. त्यातून सोमवारपासून नाट्यगृहाच्या छताचं काम सुरू होणार होतं. नक्षीचं छत, वेली, पानं, सगळं हाताने. असं काम आयुष्यात एकदा मिळतं म्हणून हे वर्षभर त्याची वाट बघत होते. जेवताना ताटात भाताची पानं काढायचे. मी रागवायचे आणि तरी बघत बसायचे.

"क्रीमचं भांडं बर्फावर ठेवा," मी सुरुवात केली. "आता फेटा. एवढं जोरात नाही हो, सिमेंट नाहीये ते!"

"सिमेंट फेटत नाहीत, कालवतात."

"बरं, मग कालवू नका, फेटा."

फेटलं बाई त्यांनी. आणि छान फेटलं, खोटं कशाला बोलू. भांडं उलटं केलं तरी पडू नये इतकं. काचेच्या मोठ्या भांड्यात बिस्किटं लावली तीसुद्धा फरशी बसवावी तशी, सांधा चुकवून. मध्येच कोपऱ्यात जागा राहिली तर बिस्किट सुरीने कापून बसवलं. त्यावर क्रीमचा थर दिला आणि खाली बसून एक डोळा मिटून बघितलं, सपाट आलाय का. मी डोक्याला हात लावला, डावा.

एवढ्यात वरून नर्सबाईंनी हाक मारली, म्हणून, "वाडग्यातला आंबा घाला," असं सांगून मी गॅलरीत गेले. एकदा बोलायला लागल्या की त्यांना पूर्णविराम माहीत नाही. परत आले तर ह्यांनी आंबा घातला होता, वर क्रीम दिलं होतं, द्राक्षं मांडली होती आणि भांडं फ्रिजमध्ये जाऊन बसलं होतं. ओटा पुसलेला. मला तर धन्य वाटलं. मनात म्हटलं, ह्या माणसाला आपण उगाच बोलतो.

जरा वेळाने फ्रिज उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. थर कुठले? काचेतून सगळं दिसत होतं. क्रीमच्या आरपार पिवळ्या रेघा उतरलेल्या, एकासारखी एक, आणि तळाला बिस्किटांची पेज. वरचं क्रीम एका बाजूला घसरलेलं.

"अहो! हे काय केलंत?"

हे आले, वाकून बघितलं. "रस उतरलेला दिसतोय."

"तो दिसतोय मला! ह्या रेघा कसल्या?"

"काट्याने ओरखडे ओढले."

"कुठे?"

"क्रीमवर. आंबा घालायच्या आधी."

"कशाला पण?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "अगं, गिलाव्याच्या पहिल्या हातावर ओरखडे ओढल्याशिवाय दुसरा हात धरत नाही. सगळा गिलावा निखळून येतो."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडले. जिभेला काही हाड नसतं, त्यातून माझ्या तर नाहीच नाही. ती काय भिंत आहे का, म्हटलं. बाई यायची वेळ होत आली, म्हटलं. माझं नशीबच फुटकं, आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही ह्या काट्याने ओरबाडली, असं काय काय म्हटलं. ह्यांनी चमचा घेतला, भांड्याच्या कडेने एक घास काढला आणि खाल्ला.

"चवीला फक्कड आहे," म्हणाले.

"खा! सगळं तुम्हीच खा!"

"खाईन की. पण आधी हे सांग, तू करतेस तेव्हा रस का उतरत नाही? मी ओरखडे ओढले ते चुकलं, मान्य. पण एवढं पाणी आलं कुठून? ओल्यावर हात बसतच नाही. तू काय करतेस?"

"काय करते म्हणजे? फळं कापते, साखर घालते, आणि घालते."

"कशी घालतेस? दाखव."

मी पुन्हा स्टुलावर टेकले आणि डावा हात हवेत फिरवला. वाडग्यात हात घातला, फोडी उचलल्या, आणि तिथेच थांबले. बोटं आपोआप उघडली होती. मी फोडी उचलते, बोटांतून रस गाळते, मग घालते. इतकी वर्षं करतेय आणि मला ठाऊकच नव्हतं. ह्यांना मी नुसतं सांगितलं होतं, आंबा घाला. ह्यांनी बापड्यांनी वाडगं उलटं केलं. माझ्या हाताला जे माहीत होतं, ते माझ्या तोंडाला माहीत नव्हतं.

माझा राग फुस्स झाला. "चाळणी घ्या," मी म्हटलं. "मोठी, पिठाची नको, भाजी निथळायची."

मग आम्ही दुसऱ्यांदा बसलो. ह्या वेळी मी नुसते हुकूम सोडले नाहीत. प्रत्येक गोष्ट डाव्या हाताने आधी स्वतः करून बघायची, उजवा काय करत असेल ते आठवायचं आणि मग सांगायचं. बिस्किट दुधात घातलं की लगेच वर. क्रीम चमच्याच्या पाठीने, कडेकडून मधे. फळं निथळून, फडक्यावर पसरून, मगच. मोठं भांडं गार व्हायला वेळ लागला असता, म्हणून ग्लास घेतले. हे ग्लास एका हाताने फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने थर बसवायचे, आणि ती कड अशी यायची की चाळीस वर्षं स्वयंपाक करूनही मला कधी आली नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही. आधीच ओळंबा, त्यात आणखी फुगायला नको.

बाई आल्या त्या वेळेच्या आधीच. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं तुटक. माझा हात बघून म्हणाल्या, "अरेच्चा." बस्स, तेवढंच. मी ग्लास पुढे केला. त्यांनी चमचा घेतला नाही. ग्लास उजेडाकडे धरला, मग आडवा करायला लागल्या.

"बाई, सांडेल!"

"आमच्याकडे ढकलगाडी उतारावरून येते," त्या म्हणाल्या. "असंच हलतं सगळं." आणि त्यांनी तो ग्लास चांगला गदागदा हलवला.

ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले. बाईंनी ग्लास टेबलावर ठेवला. पांढरा पांढऱ्या जागी, पिवळा पिवळ्या जागी. एक थर हलला नव्हता. मग त्यांनी चमचा तळापर्यंत घातला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि अख्खा ग्लास संपवला.

"सोमवारपासून द्या," म्हणाल्या. "उन्हाळाभर. रोज."

मी डावा हात तोंडावर ठेवला. पण त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्या गळ्यातल्या झोळीकडे बघितलं. "हे कधी निघणार?"

"महिना तरी जाईल."

"मग हे केलं कोणी?"

"ह्यांनी. मी सांगितलं तसं."

"आणि सोमवारी?"

काय सांगणार? सोमवारी नाट्यगृहाचं छत होतं. मला रात्री झोपेत वेली सांगितल्यात ह्या माणसाने. मी जर म्हटलं असतं, अहो, महिनाभर माझ्याकडे या, तर हे आले असते आणि एका शब्दाने बोलले नसते. म्हणूनच मला ते म्हणायचं नव्हतं. आपलं घर शाकारायला दुसऱ्याचं छप्पर ओढायचं, हे मला कधी जमलं नाही. आणि दुसरा माणूस ठेवावा, तर त्याला सगळं शिकवेपर्यंत उन्हाळा संपायचा.

"नाही जमणार बाई," मी म्हटलं. आवाज सरळ ठेवला. "पुढच्या वर्षी विचारा. तोपर्यंत हात बरा होईल."

"पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं? मला आत्ता हवंय. दुसरी एक जण आहे, तिला विचारते मग." त्यांना वाईट वाटलं, दिसलं मला ते. पण कँटीन काय वाईट वाटण्यावर चालतं? त्या उठल्या, दारात जाऊन चपला घालायला लागल्या. मी टेबलावरचा रिकामा ग्लास नुसता सरकवत बसले. इतकं वाईट मला हात मोडला तेव्हाही वाटलं नव्हतं.

हे मोरीपाशी पाठमोरे उभे राहून भांडी घासत होते. वळले नाहीत. तिथूनच म्हणाले, "सोमवारी माल किती वाजता पोचायला हवा?"

बाई थांबल्या. मी म्हटलं, "अहो, छत?"

"छत भावड्याला दिलं." भावड्या म्हणजे ह्यांचा जोडीदार, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. "काल सांगितलं मुकादमाला. महिनाभर दुसरीकडे काम लागलंय म्हटलं."

"काल?" माझा आवाज चिरकला. "अहो, काल तर काहीच नव्हतं. त्यांनी नमुना चाखलासुद्धा नव्हता. सकाळी तर पेज झाली होती त्याची!"

"मग?" हे वळले. कोपरापर्यंत साबण. "तुझं आहे म्हटल्यावर मिळणारच होतं. न मिळायला काय झालं?"

मला भरून आलं. ह्या माणसाने मला कधी, तुझ्या हाताला चव आहे, असं म्हटलेलं नाही. पानात पडलं ते खाल्लं आणि उठला. मला वाटायचं, ह्यांना कळतच नाही. आणि ह्यांनी आपलं छत सोडून दिलं होतं, मला विचारलं नाही, सांगितलं नाही, मी दिवसभर घसा फोडून ओरडले तेव्हासुद्धा नाही.

बाईंनी चपला पुन्हा काढल्या. आत आल्या आणि ह्यांनाच विचारायला लागल्या, ग्लास तुमचे की आमचे, बर्फाची पेटी आहे का, भाव काय ठेवायचा.

ह्यांनी साबणाचा हात माझ्याकडे केला. "मला नका विचारू. काम त्यांचं आहे. मी त्यांच्याकडे लागलोय."

बाई माझ्याकडे वळल्या आणि मी डोळे पुसून खुर्ची पुढे ओढली.