मुनशिपालटीच्या घरचं जेवण

आमचे हे मुनशिपालटीचे अध्यक्ष. मजुरांना स्वस्त भाड्याने खोल्या द्यायचं ठरलं, पण वर्षभर नुसत्या सभाच! बांबू-कौलं पडून. शेवटी वैतागून मजूर करमसिंगने डोंगरातल्या तोरणमाळहून आपलं अख्खं गाव बोलावलं. त्यांनी एका दिवसात खोल्या उभ्या केल्या. डोंगरात घरं अशीच बांधतात, सगळ्या गावाने मिळून, मजुरी न घेता. जेवण तेवढं घरमालकाने घालायचं.

आणि मालक कोण? मुनशिपालटी!

संध्याकाळी ढोल वाजवत, नाचत सगळे आमच्या दारात. "दंगा व्हयना!" म्हणत हे माळ्यावर चढले.

"उतरा, जेवाले उनात त्या!" मी ओरडले. दंगा कसला, जेवायला आले होते सगळे.

भाकरी थापून माझे हात गळाले. हे मात्र करमसिंगच्या कमरेत हात घालून गरगर नाचत होते. "आते दवाखाना बी बांधी टाकू!"

"पहिले सभा ल्या!" मी चुलीपासून किंचाळले. "वरीसभर ल्या!"