रोज दहा चुका

"हे काय आहे, सर?"

दवाखान्यातल्या मुलीने कपाचं चित्र वर धरलं. सरांनी चित्राकडे पाहिलं, ओठ जुळवले, सगळं अंग गोळा करून शब्द वर ढकलला आणि म्हणाले, "गो, वेंट, गॉन."

"नाही सर. नीट बघा बरं. ह्यातून आपण चहा पितो."

"गो, वेंट, गॉन," सर म्हणाले. ह्या खेपेला समजावणीच्या सुरात, जणू मुलगीच मठ्ठ आहे. मग त्यांचं त्यांना ऐकू आलं. डोळे भरून आले आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

मागच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन त्यांची बायको बसली होती. कप हा शब्द तिच्या दातांशी येऊन थांबला होता. सांगायचं नाही, अशी ताकीद होती. तिने तो गिळला.

तीन महिन्यांपूर्वी सर दाढी करायला बसले आणि हातातला वस्तरा खाली पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पाय काठीच्या आधाराने अर्धामुर्धा परत आला. हाताची बोटं हलू लागली. वाचा मात्र आली नाही. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. फळ्यावर तीन आडव्या, चार उभ्या रकान्यांत बाराच्या बारा काळ मांडून दाखवणारा, म्हणून पोरं पाठीमागे 'बाराकाळ' म्हणायची. त्या एवढ्या मोठ्या झाडावरची सगळी पाखरं एका सकाळी उडाली आणि एकच पांगळं पाखरू फांदीला धरून राहिलं. पाणी हवं, गो वेंट गॉन. पंखा बंद करा, गो वेंट गॉन. बायकोचं नाव, गो वेंट गॉन.

"पण हे तरी येतंय ना," तिने मुलीला विचारलं. मुलगी बोलण्याचे उपचार करायची. दिवसाला अकरा माणसं तिच्यापुढे बसायची.

"हे बोलणं नव्हे, काकू. पाठांतर आहे. आकडे मोजल्यासारखं. तोंड आपलं आपण चालतं, माणूस आत नसला तरी."

"माणूस आत आहे."

"असेल. पण मला ते कागदावर दाखवावं लागतं." मुलीने आवाज खाली आणला. "पंधरा दिवसांनी मोठे डॉक्टर तपासणार. समोरच्याच्या बोलण्याला धरून ह्यांनी एक शब्द काढला ना, एक, तरी मी सहा महिने वाढवून मागू शकते. नाहीतर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. बाहेर बाक बघितलात ना?"

बाक तिने बघितला होता. त्यावर सरांसारखीच माणसं बसलेली होती आणि प्रत्येकाशेजारी मांडीवर पिशवी घेतलेलं कोणीतरी.

"आणि जागा गेली तर?"

"मग घरी सराव."

"घरी कोण शिकवणार?"

मुलीने कपाचं चित्र गठ्ठ्यात खाली सरकवलं.

घरी दोनच खोल्या होत्या आणि दोन्ही खोल्यांत तीन महिने कोणी धड बोललं नव्हतं. रविवारी दुपारी सरांना काहीतरी हवं झालं. तिने पाणी आणलं. नाही. चादर आणली. नाही. चष्मा, रेडिओ, औषध, मोजे. एकेक वस्तू पलंगावर साठत गेली तसा सरांचा चेहरा लाल होत गेला, आणि शेवटी त्यांनी डाव्या हाताने सगळा ढीग खाली लोटला. तिनेही उचलला नाही. फरशीवर बसली ती बसलीच. तपासणीला जेमतेम दोन आठवडे उरले होते. मग काहीच सुचेना म्हणून तिने कपाटाखालून त्यांची जुनी वही ओढली, आणि आजारी मुलाला थोपटावं तशी मोठ्याने वाचू लागली. शाळेत असताना ती इंग्रजी अक्षरं शिकली होती. पुढचं व्याकरण तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"आय गो. यू गो. ही गो..."

पलंगाच्या कठड्यावर फाडकन हात बसला.

"गोज."

तिने वर पाहिलं. सर तिच्याकडे रागाने बघत होते.

"शी ईट," ती चाचरत म्हणाली.

"ईट्स."

"यस्टरडे... यस्टरडे आय ड्रिंक टी."

"ड्रँक," सर म्हणाले. भुवया वर, मान किंचित तिरपी. शेवटच्या बाकावरच्या कार्ट्याकडे बघावं तसं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो चेहरा कोणाचा तरी होता. तिला हसू फुटलं. मग ती उठून आत गेली, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं.

विचारलं की त्यांना बोलता येत नव्हतं. चुकलेलं मात्र सहन होत नव्हतं. त्या वाटेने शब्द बाहेर पडत होता, दाराने नाही तर फटीतून.

त्या दिवसापासून तिने नेम धरला: रोज दहा चुका. पण चूक करायची तर आधी बरोबर काय ते ठाऊक हवं, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. लेक परगावी नोकरीला होती. तिला तिने फोन लावला.

"आई, टेकचं दुसरं रूप काय? आता सांगितलं ना मी."

"टेक्ड."

"आई."

"अगं, टुक. माहितेय मला. ती चूक संध्याकाळसाठी ठेवलीय."

"बाबांनी मला ह्याच्यावरून किती मारलंय," लेक म्हणाली, "आणि तुझ्या चुका फुकटात."

कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलायची. शिलाईयंत्राच्या पायडलवर पाय पडे आणि सुई जाई तशी क्रियापदं जात: टेक, टुक, टेकन. राइट, रोट, रिटन. दोरा संपला की काळ बदलायचा. शेजारी वाफेच्या इस्त्रीवर उभी असलेली मावशी ऐकून ऐकून कंटाळली.

"मास्तरीणबाई, तीस वर्षं इंग्रजीच्या मास्तराशेजारी झोपलीस. आता ह्या वयात परीक्षेला बसतेस होय?"

"बसायचंय."

"इतके दिवस काय तोंडाला कुलूप होतं?"

तिने चेन उसवता उसवता सांगितलं. लग्न नवं होतं. सरांचे मुख्याध्यापक घरी आले होते, आणखी दोन शिक्षक, त्यांच्या बायका. चहा घेऊन येताना तिने मोठ्या हौसेने म्हटलं होतं, आय इज कमिंग. सरांनी सगळ्यांसमोर तिच्याकडून ते वाक्य तीनदा बरोबर म्हणवून घेतलं. हातात ट्रे तसाच. पाहुणे हसले, सरही हसले.

"मग?"

"मग काय. चहा दिला. त्यानंतर इंग्रजीचा एक शब्द नाही काढला त्यांच्यापुढे."

"आणि ते?"

"त्यांनीही विषय नाही काढला." तिने दाताने दोरा तोडला. "जाऊ दे."

मावशीने इस्त्री आडवी ठेवली. "तुझ्या जागी मी असते ना, तर आता रोज शंभर चुका केल्या असत्या. वसूल."

सर मात्र वसूल होऊ देत नव्हते. मुद्दाम केलेली चूक त्यांना लगेच कळायची. तिने 'आय ईटेड' म्हटलं तेव्हा ते नुसते बघत राहिले, थट्टा करणाऱ्या पोराकडे बघावं तसे, आणि तोंड फिरवलं. चूक खरी लागायची. अडखळून, जिवावर येऊन झालेली. मग ती रोज थोडं पुढचं वाक्य घेऊ लागली, जिथे तिला खरोखरच बरोबर येत नव्हतं. हॅड आणि हॅव ह्यांच्यात ती अशी हरवायची की सर एकामागून एक कठडा बडवायचे. "हॅव. हॅव सीन." आठवडाभरात बावीस शब्द झाले. पँटीच्या मापांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर तिने ते लिहून ठेवले आणि गठ्ठा मुलीपुढे ठेवला.

मुलीने तो दोनदा वाचला. मग ती सरांपुढे वाकली आणि म्हणाली, "सर, यस्टरडे आय कम हिअर."

सरांनी अदबीने मान हलवली. "गो, वेंट, गॉन."

"माझी चूक त्यांना लागत नाही," मुलगी म्हणाली. "तुमचीच लागते, काकू. मी हे लिहिलं तर 'घरच्यांचं म्हणणं' एवढंच होईल. त्या दिवशी तुम्हालाच करून दाखवावं लागेल. मोठ्या डॉक्टरांसमोर."

तो दिवस सोमवार होता. टेबलामागे मोठे डॉक्टर, बाजूला फायली घेतलेली दोन शिकाऊ पोरं, कोपऱ्यात मुलगी. वीस चित्रं झाली. किल्ली, खुर्ची, मासा, घड्याळ. वीसही वेळा तेच पाखरू उडालं आणि तिथेच येऊन बसलं. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला. तो तिला उलटा दिसला, पण शून्य उलटंही शून्यच असतं.

"ह्यांच्या मिसेसना काही दाखवायचंय," मुलगी म्हणाली.

ती उभी राहिली. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून तिने दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली. इतक्या शिकलेल्या माणसांपुढे आपण चुकणार आहोत, आणि चुकायलाच आलो आहोत, हे तिने मनाला दहादा बजावलं होतं.

"माय हजबंड," ती म्हणाली. "ही टीच इंग्लिश. ही टीच थर्टी वन इयर्स."

शिकाऊ पोरांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि फाइल तोंडापुढे धरली. फाइलीवर त्याचे डोळे हसत होते. सरांनी ते पाहिलं. तिनेही सरांना ते पाहताना पाहिलं.

सर काही बोलले नाहीत.

"ही टीच," ती पुन्हा म्हणाली. "यस्टरडे... यस्टरडे वी कम हिअर. आय सी डॉक्टर. आय... आय इज..."

पकडा, ती मनात म्हणत होती. अहो, पकडा. एवढी एक पकडा.

सरांचे ओठ हलले. डावा हात वर गेला. आता कठडा नाही तर टेबल, आता बसणार हात. हात हवेत थांबला. मग तो सावकाश खाली आला आणि तिच्या मनगटावर टेकला. सरांनी त्या फाइलवाल्या पोराकडे रोखून पाहिलं, एकतीस वर्षं वर्गाकडे पाहिलं तसं, आणि स्पष्ट म्हणाले, "करेक्ट."

"हा शब्द नवा आहे," मुलगी घाईने म्हणाली.

"नवा आहे," डॉक्टर म्हणाले. ते मऊ बोलणारे होते. "पण बाई, तुमचं वाक्य बरोबर होतं का?"

"नाही."

"आणि ते म्हणाले बरोबर."

"हो."

"म्हणजे पूर्वी चूक ओळखत होते, आता तीही ओळखत नाहीत. असंच मला लिहावं लागेल ना?"

"ओळखतात," ती म्हणाली. "ओळखली त्यांनी. चारचौघांत मला खाली बघायला लावायचं नव्हतं त्यांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना तिचं पटलं नव्हतं असंही नाही. "हे मी कुठल्या रकान्यात लिहू, बाई?"

मुलगी मान खाली घालून कागद जुळवत होती. कागद जुळलेले होते, तरी जुळवत होती. डॉक्टरांनी लिहिलं ते छोटं होतं. घरी सराव.

बाहेर पडताना बाकावरचं पहिलं माणूस उठून आत गेलं.

जिन्याच्या वळणावर सरांना दम लागला. तिथे खिडकीखाली दगडी कट्टा होता. तिने त्यांना बसवलं, काठी भिंतीला लावली, आणि मग तिला आवरेना.

"का हो? एक शब्द मागितला होता. घरी दहा दहा वेळा खेकसता माझ्यावर. आजच कशी माया आली? हसलं असतं कोणी तर हसलं असतं. मला काय त्याचं? सहा महिने गेले तुमचे. आता मी कुठे नेऊ तुम्हाला?"

सर ऐकत होते. जिना रिकामा होता. त्यांनी बोट वर केलं. आपटलं नाही कुठे, नुसतं वर केलं.

"ही टॉट," ते हळूच म्हणाले.

ती वळली आणि धावत चार पायऱ्या वर गेली. दार अजून दिसत होतं. बोलावून आणावं डॉक्टरांना, मुलीला, त्या फाइलवाल्याला, ओढून आणावं इथे. पाचव्या पायरीवर पाय उचललेला तसाच राहिला. ते येतील, वाकून उभे राहतील. आणि त्यांच्यादेखत ती पुन्हा चुकेल, आणि सर पुन्हा तिच्या मनगटावर हात ठेवतील.

ती उतरून खाली आली.

"ही टॉट," सर म्हणाले, आणि वाट बघू लागले. खालून कोणाची तरी पावलं वाजली. सरांनी तोंड मिटलं. औषधांची पिशवी घेतलेला एक माणूस धापा टाकत वर आला, दोघांकडे न पाहता वळणावरून गेला. त्याची पावलं वरच्या मजल्यावर विरेपर्यंत दोघं गप्प होती.

"ही टॉट," ती म्हणाली. "ही टॉट इंग्लिश. थर्टी वन इयर्स."

सरांनी मान डोलावली. तिने काठी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि स्वतः एक पायरी खाली जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे तोंड करून, तोल गेलाच तर तिच्यावर जावा म्हणून. मग दोघं एकेक पायरी उतरू लागली.